लाल तार

१२ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. साष्टांग वगैरे या वेळी तुझ्या वाट्याला नाही, साध्यावर भागव. वहिनीला आणि छोटीला माझं प्रेम. आम्ही बरे आहोत. बाबाही बरे आहेत. तू विचारलं नाहीस, पण पत्रात सांगायचं असतं म्हणून सांगितलं.

पत्र एवढ्यासाठी की फोनवर तू दोन वाक्यं ऐकतोस आणि "बरं, बघतो" म्हणून ठेवून देतोस. पत्राला मध्येच "बरं" म्हणता येत नाही. आता गप वाच.

काल भट्टी उघडली. वरच्या फळ्यांवरचे सगळे कप ग्लेझचा काचेरी लेप ओघळून फळीला चिकटलेत. छिन्नीनं खरवडून माझ्या हाताला फोड आले. मोठे वाडगे तर बसलेच, ओल्या टोपीसारखे. आणि तुझं लाडकं मीटर? ते साळसूदपणे बाराशे तीस दाखवून मोकळं झालं होतं. पाहिजे होतं तेवढंच, वर एक अंशसुद्धा नाही.

तू गेल्यापासून हे असंच चाललंय, खालच्या फळ्यांवरचं वाचतं तेवढंच विकायचं. दर खेपेला मी ग्लेझ बदलते, माती बदलते, रात्रंदिवस वाटते-चाळते, कारण "मीटर चुकत नाही, तुमचं मिश्रण चुकतं" हे तू दारातून बाहेर पडता पडता सांगून गेलास आणि आम्ही ते डोक्यावर घेऊन बसलो. या वेळी मी माळ्यावरून कोनांचा डबा काढला. तेच मातीचे सुळके, ठरलेली उष्णता मिळाली की मान टाकतात ते. मीटर आल्यावर "ही खेळणी आता कशाला" म्हणून तूच वर फेकले होतेस. एक आत ठेवून दिला. त्यानं नुसती मान टाकायला हवी होती. काल पाहिलं तर सुळका राहिलाच नव्हता, फळीवर नुसता डाग होता.

म्हणजे भट्टी खूप जास्त तापते आणि मीटर कमी दाखवतं. हे माझं मत नाही, तो डाग अजून तसाच आहे, येऊन बघ.

जोडणी सगळी तू केलीस, कुणाला हात लावू दिला नाहीस. तेव्हा तूच सांग, कुठून तपासायला सुरुवात करू? उत्तर दे आणि पूर्ण वाक्यांत दे.

धाकटी


२ मार्च

दादा,

माझ्या दोन पानी पत्राला तुझं उत्तर फोनवर एका ओळीच्या मेसेजमध्ये आलं. "मीटर चांगलं आहे, थर्मोकपल बदल, बाबांना मध्ये घेऊ नकोस." वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना मध्ये घेऊ नकोस म्हणे! बाबा मध्ये असते तर मी तुला कशाला विचारलं असतं?

तरी तू सांगितलंस ते केलं. नवं थर्मोकपल आणलं, उष्णता मोजणारी जुनी दांडी भट्टीच्या भिंतीतून काढून तिथं नवी बसवली. तार जिथल्या तिथे ठेवली. पुन्हा थोडा माल लावला, पुन्हा कोन ठेवला, पुन्हा डाग.

मग शेगडी उचलून भट्टीपाशी आणली, पातेल्यात पाणी उकळलं आणि दांडी त्यात बुडवली. मीटरनं शंभर दाखवले. शहाण्या मुलासारखे, अगदी बरोबर शंभर! पाण्यात खरं बोलायचं आणि भट्टीत खोटं. मला तर ते मीटर तुझ्यासारखंच वाटायला लागलं, पाहुण्यांपुढे एक आणि घरात एक. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्यानंही तपासून "मीटर उत्तम आहे" म्हणून सांगितलं आणि चहा पिऊन गेला.

मागच्या आठवड्यात भट्टी चढत असताना भिंतीबाहेरच्या त्या छोट्या डबीला हात लावला, दांडीला तार जोडली आहे ती डबी. चटका बसला. चिडून टेबलफॅन आणला आणि तिच्याकडे तोंड करून लावला. आणि दादा, मीटरवरचा आकडा वर चढायला लागला. पंखा बंद केला की खाली येतो, लावला की पुन्हा वर. पंख्यानं भट्टी गरम झालेली तू कधी ऐकली आहेस?

दुसऱ्या दिवशी मीटरच्या दुकानात जाऊन हे सगळं सांगितलं. दुकानदारानं हसायचं सोडून एकच विचारलं, "ताई, लाल तार कुठं जोडली आहे?"

मी म्हटलं, "अधिकला. लाल म्हणजे अधिकच ना?"

"घरच्या बॅटरीत. आमच्या या तारेत लाल म्हणजे वजा."

घरी येऊन दोन्ही टोकं उघडली. तू लाल तार डबीतही अधिकला जोडली आहेस आणि मीटरलाही अधिकलाच. एकाच टोकाला चुकला असतास तर भट्टी तापताना आकडा उलटा पळाला असता आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. तू दोन्हीकडे चुकलास, अगदी नेटकेपणानं, टाय बांधून! त्यामुळे आकडा वर जातो, सगळं ठीक दिसतं, पण उलट्या तारेमुळे डबीची उष्णता आकड्यात मिळवली जायच्याऐवजी वजा होते, म्हणून डबी जसजशी तापते तसतसं मीटर कमी कमी सांगतं. पाण्याच्या पातेल्याशी डबी थंडच होती, म्हणून तिथं खरं बोललं. भट्टी पूर्ण भरात असताना फरक शंभराच्या आसपास जातो.

शंभर. हा आकडा आठवतो का तुला?

मला आठवतो. बाबा भट्टीच्या भिंतीतल्या भोकापाशी वाकून आत बघत होते. म्हणाले, "झालं. बंद करा." तू मीटरकडे बोट दाखवून म्हणालास, "अजून शंभर बाकी आहेत." ते पुन्हा वाकले, पुन्हा म्हणाले, "पोरा, झालंय, रंग बघ." आणि माल न्यायला आलेली चार माणसं उभी असताना तू म्हणालास, "बाबा, तुमचे डोळे गेलेत आता. व्हा बाजूला." दुसऱ्या दिवशी अख्खी भट्टी वाया गेलेली निघाली, तेव्हा तरी तुझी जीभ अडखळायची! पण नाही. ग्लेझ बाबांनी कालवलं होतं, मग त्यांना वजनकाट्यावरचे आकडेच दिसले नसणार, असं म्हणून त्याचंही खापर तू त्यांच्या डोळ्यांवर फोडलंस. महिन्याभरात बॅग भरलीस. टाइलच्या शोरूममध्ये बरं चाललंय ना? तिथं सगळं आधीच भाजलेलं असतं.

"बाबा बरे आहेत" असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते खोटं आहे. दोन वर्षं मी तुला तेच लिहिते आहे, कारण खरं लिहायला बसले की शिव्या येतात.

बाबा त्या दिवसापासून भट्टीच्या खोलीत आलेले नाहीत. आधी पेपर सोडला. मग संध्याकाळी बाहेर जाणं सोडलं. आता न्हाणीघरात जाताना भिंतीला हात लावत जातात. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं डोळे छान आहेत, चष्म्याचा नंबरसुद्धा फार बदललेला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून बोलतात. मीटरला काय पडलंय कुणाला बरं वाटायचं?" दादा, त्यांच्या हातात काठी आहे आता. डोळस माणसाच्या हातात.

दुकानातून आले तशी धावत त्यांच्याकडे गेले. तारा दाखवल्या, पंख्याची गंमत सांगितली, म्हटलं, "बाबा, तुम्ही बरोबर होतात, तेव्हा भट्टी खरंच झाली होती." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तू माझ्यासाठी किती करतेस गं. पण त्यानं बघून जोडलंय. तू नको हात लावूस."

आता सांग, मी कुणावर चिडू? दोन वर्षं ही भट्टी मी ओढते आहे, ती चूक मी शोधली, आणि माझं बोलणं म्हणजे लेकीची माया! तू दारातून ओरडून गेलास ते मात्र खरं. मी त्यांच्यावरही खूप चिडले, तोंडावर बोलले. ते नुसते हसले.

काल दुपारी चाकाचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी. मला इतका आनंद झाला, की हातातलं काम टाकून गेले. बाबा चाकावर बसले होते, मातीचा गोळा छान वर येत होता आणि त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. मी म्हटलं, "बाबा, हे काय?" म्हणाले, "पुढे असंच करायचं आहे ना. दिसतंय तोवर सवय करून घेतो."

एवढं तुला सांगायचं होतं. बाकी सगळं पत्र त्याच्या भोवती फिरत होतं.

मी तारा बदललेल्या नाहीत. मला येतं, पाच मिनिटांचं काम आहे. पण मी बदलून बाबांचं काही होणार नाही. भट्टी भरून ठेवली आहे आणि पेटवलेली नाही. माल खोळंबलाय, लोक फोन करतात, मी सांगते भाऊ येणार आहे.

तेव्हा फोन करू नकोस, एका ओळीचं उत्तर तर मुळीच पाठवू नकोस. ये. बाबांना हाताला धरून भट्टीपाशी आण, त्यांच्यासमोर ती डबी आणि मीटरची पेटी दोन्ही उघड आणि स्वतःच्या तोंडानं सांग की लाल तार मी चुकीची जोडली. माफी माग किंवा नको मागूस, ते तुझं तू बघ. मग भट्टी पेटव, मीटरवर फडकं टाक, त्यांना भोकापाशी उभं कर आणि विचार, "बाबा, झालं का?" ते म्हणतील तेव्हा बंद कर. आधी नाही, नंतर नाही.

स्क्रूड्रायव्हर आणू नकोस. तू मीटरच्या पेटीवर ठेवून गेलास तो तिथंच आहे. बाबा मला तो उचलू देत नाहीत, म्हणतात, त्याला आल्यावर सापडायला हवा.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, आणि तरी तुझ्या ताटाची जागा मोकळी ठेवणारी,
धाकटी