माझा अकरावा आक्षेप

काळाचौकी, मुंबई
रविवार, दुपारची वेळ

ती. मीराताईच्या पायाशी धाकट्या कुशाचा नमस्कार पोचावा, आणि पोचल्यावर पाय मागे घेऊ नयेत ही पहिली विनंती.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. माझं ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या मते वाढलेलं आणि कमलच्या मते नाटकी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? राहुलने आणलेलं तेल लावतेस, की नातवाला बरं वाटावं म्हणून बाटली नुसती फळीवर ठेवली आहेस? उत्तराची वाट बघतो असं लिहिणार होतो, पण गेले तीन आठवडे मी दुसरं काहीच करत नाही. तू फोन उचलत नाहीस. पहिल्या दिवशी राहुलने उचलला आणि म्हणाला, "आजी निजली म्हणान सांग, असा आजी सांगता." पोर सरळ आहे, त्याला रागावू नकोस. मग माझ्या मोबाइलवरून तुझा फोटोच नाहीसा झाला. मला वाटलं फोन बिघडला. खालच्या वॉचमनला दाखवला, तर तो म्हणाला, आजोबा, तुम्हाला ब्लॉक केलंय. (हे तुला जमलं कसं? मला जमत असतं तर शेजारच्या रघुवीरला मी केव्हाच केलं असतं.) शेवटी पोस्टात जाऊन पाकीट मागितलं. खिडकीतल्या मुलीने आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं.

तर आता माझी बाजू. म्हणजे बाजू अशी उरलेली नाही, पण घडलं ते क्रमाने सांगतो.

'चाळीत चाळीस दिवस' हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आपल्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या या तेवीस मजल्यांच्या टॉवरमध्ये दिवाळी आल्यासारखं झालं. आजकालच्या तीन कुटुंबांना चॅनेलवाल्यांनी उभारलेल्या खोट्या चाळीत नेऊन ठेवायचं, सन १९६४, गिरणगाव, आणि चाळीस दिवस तसंच राहायला लावायचं. मोबाइल नाही, गॅस नाही, नळाला पाणी पहाटे, पुरुषांनी भोंग्यावर उठायचं, बायकांनी खानावळ चालवायची. रोज संध्याकाळी साडेसातला आम्ही जुने चाळकरी सोसायटीच्या ऑफिसात जमायचो. (घरोघरी टीव्ही आहेत, पण एकट्याने बघून कोणाला चूक दाखवणार?) पहिले दोन दिवस सगळे रडले. हा बघा आपला जिना, हा बघा आपला कॉमन नळ. रघुवीर तर शौचालयाची रांग बघून रडला, आणि चाळ उभी होती तेव्हा त्याने त्या रांगेत कितीजणांशी मारामारी केली ते तुला ठाऊक आहे. बायका मात्र रडत नव्हत्या. त्या मागच्या खुर्च्यांवर बसून पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि पुरुषांपैकी कोणी 'काय ते दिवस होते' म्हणाला की मागून आवाज यायचा, जा मग परत, आम्ही नाही येत. तिसऱ्या दिवसापासून आमचं रडणं ओसरलं आणि चुका दिसू लागल्या. नळ चकचकीत होता. भोंगा पाच मिनिटं उशिरा झाला. बाईने नऊवारीचा ओचा असा काढला होता की आमच्या मजल्यावर तिला कोणी नळापर्यंतसुद्धा जाऊ दिलं नसतं.

आणि त्या चॅनेलवाल्यांनी नेमका असा नियम केला होता की जणू मला डोळ्यांपुढे ठेवूनच. ज्यांनी तो काळ पाहिला आहे अशा सत्तरीपुढच्या प्रेक्षकांनी फोन करून आक्षेप नोंदवायचा. तज्ज्ञांना तो पटला, तर त्या कुटुंबाचं दुसऱ्या दिवसाचं रॉकेल कापायचं. ताई, महापालिकेत चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे आक्षेप फायलीला लावले. आता माझे लागणार होते. माझा पहिलाच आक्षेप मंजूर झाला. खानावळीचे डबे त्यांनी स्टीलचे दाखवले होते, मी सांगितलं की गिरणीकामगाराचा डबा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पोचे पडलेला, आणि झाकणावर खिळ्याने खूण केलेली. पडद्यावर माझं नाव आलं, कुशाबा, काळाचौकी. ऑफिसात टाळ्या पडल्या. रघुवीर त्या दिवशी चहा न पिता गेला. त्यानंतर मी वही केली. खाटेची दोरी, कंदिलाची काच, कॅलेंडर कुठल्या भिंतीला, असे दहा आक्षेप, त्यातले सात मंजूर. कमल म्हणायची, अहो, त्या पोरी रॉकेलाशिवाय काय करतात तेही बघत जा. मी म्हणायचो, इतिहास म्हणजे इतिहास.

त्या तिघींत सुचित्रा नावाची एक बाई होती, माटुंग्याची, एरवी बँकेत नोकरी करणारी. हात पोळून घेतले, पण पाचव्या दिवशी भाकरी थापायला शिकली, कुरकुर नाही. मला खरं तर तीच आवडायची. अठराव्या दिवशी काय झालं, की दुपारी डबे रवाना झाल्यावर तिने साखरेची पुडी डब्यात रिकामी केली, पुडीचा कागद मांडीवर ठेवून हाताने साफ केला, आणि भिंतीला टेकून, पाय लांब करून वाचत बसली. दोन-तीन मिनिटं, ताई, जास्त नाही. मी वही उघडली. अकरावा आक्षेप: १९६४ साली खानावळ चालवणाऱ्या बाईला वाचायला वेळही नव्हता आणि आवडही नव्हती. फोनवरच्या मुलीने विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, माझी सख्खी बहीण.

पुरावा इतका दणदणीत निघाला की रविवारी सकाळी ते कॅमेरा घेऊन घरीच आले. मी कोट घातला. (कमलने आतून सांगितलं होतं की कोटाला डांबरगोळीचा वास येतो. मी म्हटलं, टीव्हीवर वास जात नाही.) पुढचं तुला माहीत आहे, कारण मीच तुला फोन करून सांगितलं होतं की वाडीतल्या सगळ्यांना बोलाव, संध्याकाळी साडेसातला लाव. तरी लिहितो, कारण मी बोललेलं एकदा मला स्वतःच्या हाताने लिहायला हवं. मी म्हणालो, आमच्या ताईला शाळेची आवडच नव्हती. पाचवीनंतर तिनेच सोडली. तिला चुलीपुढेच बरं वाटायचं. सतरा मेंबरांची खानावळ हसत चालवली, पण कधी कागदाला हात लावला नाही. अशा बायका आता होणे नाहीत. आणि हे बोलताना माझे डोळे भरून आले, म्हणून त्यांनी ते दोनदा दाखवलं.

आक्षेप मंजूर झाला. सुचित्राचं रॉकेल कापलं. तिला कारण सांगितलं तेव्हा तिने तो कागद घडी घालून पोत्याखाली सरकवला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, आजोबांनी पाहिलंय, त्यांचं बरोबर असेल. ऑफिसात माझ्या पाठीवर थापा पडत होत्या. कमल मागच्या खुर्चीवरून उठली आणि लिफ्टने वर निघून गेली. मी वर येऊन आधी तुला फोन लावला, कौतुक ऐकायला. राहुल म्हणाला ते वर लिहिलंच आहे.

 कमल दुसऱ्या दिवशी ताट वाढताना बोलली. तिचं माहेर आपल्याच माळ्यावरचं, सात खोल्या पलीकडचं. त्यामुळे दुपारी मी शाळेत असताना गॅलरीत काय चालायचं ते तिला माहीत आहे, मला नाही. तिने सांगितलं की दुसऱ्या पाळीचे डबे गेले की ताई गॅलरीच्या टोकाला बसायची आणि आम्ही चार-पाच परकऱ्या पोरी तिच्याभोवती. वाण्याकडून आलेल्या प्रत्येक पुडीचा कागद ती सुरीने मोकळा करायची, पाण्याच्या हाताने सरळ करायची आणि वाचून दाखवायची. साप्ताहिकाची पानं असायची, गोष्ट ऐन रंगात आली की कागद संपायचा. मग पुढचं ताई मनाने सांगायची. एक बाई म्हणे नवऱ्याच्या शोधात बोटीने आफ्रिकेला निघाली होती. कागद एडनपाशी फाटला. तू तिला आफ्रिकेत उतरवलंस, नवरा काही सापडला नाही, ती तिथल्या शाळेत मास्तरीण झाली. कमल सांगते, ताईच्या गोष्टीतल्या सगळ्या बाया शेवटी मास्तरणी व्हायच्या. राजकन्यासुद्धा.

मी भाताचा घास हातात घेऊन बसलो होतो. पत्र्याच्या ट्रंकेखाली तो कागदांचा गठ्ठा मी रोज पाहायचो गं. मला वाटायचं फळीवर अंथरायला ठेवलाय. आणि कमलने आठवण दिली (बायकांना असल्या गोष्टी नको तेव्हा आठवतात) की एका संक्रांतीला मी तो अख्खा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन मांजा आणला होता. पतंग मला आठवतो, लाल, काळ्या शेपटीचा. तू त्या संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून लवकर आडवी झालीस तेही आठवतं. काही बोलली नाहीस, म्हणून काही झालंच नाही असं मी धरून चाललो. मी कविता पाठ करताना अडलो की पुढची ओळ चुलीकडून यायची, तेव्हाही मला वाटायचं मी मोठ्याने घोकतो म्हणून तुला ऐकून ऐकून येते. शाळेची आवड नाही हे वाक्य बाबांचं होतं. 'मीराक शाळेची आवड नाय' असं ते आल्यागेल्याला सांगायचे, कारण आई अंथरुणाला खिळलेली आणि सतरा माणसं जेवायला यायची हे सांगायला त्यांना लाज वाटत असावी. त्यांना निदान लाज तरी वाटत होती. मी तेच वाक्य साठ वर्षांनी कोट घालून सगळ्या महाराष्ट्राला सांगितलं, तुझ्या घरात, तुझ्या शेजाऱ्यांच्या देखत. दहा बाय बाराच्या खोलीत तुझ्याजवळ इतकी वर्षं राहिलो आणि कंदिलाची काच कसली होती तेवढं लक्षात ठेवलं.

मी आक्षेप मागे घ्यायला फोन केला. ती मुलगी म्हणाली, सर, आक्षेप नोंदवायची सोय आहे, मागे घ्यायची नाही. मी लेखी अर्ज केला, खाली माझी सही, कमलची सही, आणि आश्चर्य म्हणजे रघुवीरचीही. (तो म्हणाला, कुशा, माझी आईही वाचायची. मग आधी का बोलला नाहीस विचारलं, तर म्हणाला, तुझी जिरायची वाट बघत होतो.) अर्जाला उत्तर नाही. सुचित्रा उरलेले सगळे दिवस राहिली, रोज पुड्या रिकाम्या केल्या, आणि कागद न बघता चुलीत घातले. ऑफिसात बाकीचे भांडी आणि भोंगा बघायचे. मी पडद्यावर दुपारची तेवढी वेळ आली की तिच्या हाताकडे बघत बसायचो. वही मी फाडून टाकली आहे.

ताई, मी चुकलो. विनोद करून लिहायची सवय आहे म्हणून वर तसं लिहिलं गेलं, पण गेले तीन आठवडे जेवण गोड लागत नाही. तू रागाव, शिव्या घाल, मालवणीत घाल म्हणजे कमलला अर्ध्याच कळतील. पण बोल. आपण दोघंच उरलो आहोत आणि मला कुशा म्हणणारं आता दुसरं कोणी नाही.

राहुलला आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
कुशा

ता. क. कोकमं संपली आहेत. कमल मागू नका म्हणाली आहे, म्हणून मागत नाही, फक्त कळवतो.

आणखी ता. क. एक काम होतं. चॅनेलला लेखी पुरावा लागतो. तू पुडीचे कागद वाचायचीस असं तुझ्या हाताने दोन ओळी लिहून पाठवल्यास, तर शेवटच्या भागाआधी त्या तिथे नेऊन देईन. राहुलकडून टाइप करून नको. हस्ताक्षरच लागतं, असा त्यांचा नियम आहे.

शेवटचं ता. क. वरचं खोटं आहे. कार्यक्रम काल संपला आणि असा काही नियम नाही. दोन ओळी मलाच हव्या आहेत, कशाबद्दलही लिही, माझ्या नावाने बोटं मोडलीस तरी चालेल. गावाला जाणारी तुझी पत्रंसुद्धा तू सांगायचीस आणि मी लिहायचो. तुझं अक्षर मी आयुष्यात एकदाच पाहिलं, खोलीवरचा हक्क सोडून ती माझ्या नावावर केलीस त्या कागदावर. तेव्हाही सही आहे ना, एवढंच बघून मी तो कागद घडी करून खिशात घातला होता.