‘ळ’ बाळाचा

प्रिय धाकटे,

काल माझ्या बालवाडीत येऊन तू जे केलंस, त्यानंतर तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. बोलायला गेले तर भलतंच बोलून बसेन, म्हणून लिहिते आहे. मदतनीस बाईंच्या हाती पाठवते. शेवटपर्यंत वाच आणि फाडू नकोस. फाडायची हौस काल फिटली असेल.

अठरा पोरं जमिनीवर पालथी पडून रंगवत होती. तुझी ठकी खिडकीखाली, कोपरापर्यंत निळी. तू चपलांसकट आत घुसलीस, तिच्या पुढ्यातला कागद ओढून टराटरा फाडलास आणि वर मलाच सुनावलंस, की महिना झाला, पोरगी एकच अक्षर रंगवते आहे, हा कसला चिखल चालवलायस, याला काय शिकवणं म्हणतात? अठरा पोरांसमोर! ठकी रडली असती तरी मला बरं वाटलं असतं. ती गपचूप तुकडे गोळा करत बसली.

चिखल म्हणे. बावीस वर्षं हाच चिखल कालवते आहे मी. आधी अख्खा हात फिरवून अक्षर हवेत काढायचं, मग रंगात बोट बुडवून, मग जाड ब्रशने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. पेन्सिल सगळ्यात शेवटी. ठकीला ‘ग’ आणि ‘म’ दोन दिवसांत आले. ‘ळ’ मात्र छळतो. दोन गोल, मध्ये गाठ, आणि ब्रश उचलायचा नाही. त्यात ‘ळ’ने एकही शब्द सुरू होत नाही, म्हणून तक्त्यावर बाळाचं चित्र. आपणही तेच घोकलं होतं. तू तर ‘ळ’ला चष्मा म्हणायचीस आणि बोलणी मला बसायची.

तू दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आलीस, त्याला सव्वा महिना झाला. तुझ्या दुःखावर मी काही बोलणार नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण लेकीला काय सांगितलंत तुम्ही दोघांनी? काही नाही! पाळणा माळ्यावर गेला, दुपटी कुणाला तरी देऊन टाकलीत. तिने विचारलं की तू स्वयंपाकघरात जातेस आणि तुझा नवरा तिला घसरगुंडीवर नेतो. अगं, पाच वर्षांची आहे ती, खुळी नाही. तुझ्या पोटाला कान लावून बसायची ना रोज? ते पोट कुठे गेलं, हा प्रश्न तिला पडणार नाही? राग येतो मला तुमचा. फार राग येतो.

आणि त्याहून जास्त माझा येतो. तुला सातवा लागला होता तेव्हा ठकी ‘ळ’ला कंटाळली होती. मी गमतीत म्हटलं, बाळ यायच्या आत तुझा ‘ळ’ यायला हवा हं, नाहीतर बाळ यायचं कसं? जीभ झडो माझी. शिकवायच्या नादात बोलून गेले आणि विसरलेही. महिनाभर ती तेच एक अक्षर रंगवत होती आणि मी, बावीस वर्षांची अनुभवी बाई, चिकाटी म्हणून तिचं कौतुक करत होते. काल तू गेल्यावर तिने ते तुकडे माझ्या मांडीवर ठेवले आणि विचारलं, “मावशी, माझा ‘ळ’ चुकला म्हणून बाळ आलं नाही ना?” मी तिला पोटाशी धरलं. नाही गं, तुझं काहीच चुकलं नाही, असं दहादा सांगितलं. तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही. पटणार कसं? घरात तर कुणी काही बोलतच नाही. बाळ का आलं नाही, ते तू सांग. रडत सांग, अडखळत सांग, पण आज तिला न्यायला येशील तेव्हा तूच सांग. मी सांगून भागत नाही, धाकटे. आज सकाळी आल्याआल्या तिने पुन्हा निळा रंग मागितला.

तुझीच, चिडलेली आणि चुकलेली,
ताई