पेन्सिलीतलं नाव

२७ मे १९७९, नाशिक

आज घर लावून झालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पेरूचं झाड. गंगापूर रोडची ही वसाहत नवी आहे. निम्म्या प्लॉटांवर अजून गवतच आहे. हे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन आहेत. सकाळी सायकलीला डबा अडकवून जातात. सासूबाई कमी बोलतात. त्यांना आत्याबाई म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. शेजारच्या बायडाबाई भिंतीवरून कैऱ्या देऊन गेल्या. म्हणाल्या, नवरी तिशीची असली की बरं, रडत बसत नाही. मी हसले. खरंच रडू आलेलं नाही. मला इथे आवडलं आहे.

३ जून

रविवार. यांचा छंद पाहिला. बैठकीच्या भिंतीवर ट्रेसिंग क्लॉथचा मोठा तुकडा, त्यावर घराण्याचा वंशवृक्ष. मूळ नांदगावचं. तळाशी कोणी भिकन, मग फांद्यांवर फांद्या. इतरांच्या वंशावळीत फक्त पुरुष असतात. यांनी बायकाही घेतल्या आहेत. गेलेल्यांच्या नावाआधी ‘कै.’, नवऱ्याच्या आधी गेलेलीला ‘कै. सौ.’ मला तिथून हलवेना. आमच्याकडे आजोबांच्या मागचं नाव कोणाला ठाऊक नाही. वडिलांना विचारलं की म्हणायचे, नाव माहीत असतं तर दळण फुकट मिळालं असतं का?

यांच्या नावापासून दोन रेघा निघतात. एकीच्या टोकाला शाईत : कै. सौ. सुला. दुसरीच्या टोकाला पेन्सिलीत : सौ. वेणू.

शाईत कधी लिहिणार, म्हणून विचारलं. म्हणाले, वर्ष जाऊ दे. शाई पुसता येत नाही.

१७ जून

बायकांची नावं सुलाने जमवलेली आहेत. चौथी शिकलेली होती. नांदगावला म्हाताऱ्यांच्या पायांना तेल लावत बसायची आणि एकेक नाव काढून आणायची. तारखा तिला कळत नसत; सगळं तिथीवर. हे सांगताना यांचा आवाज मऊ होतो. माझ्याशी बोलताना तो तसा होत नाही.

संध्याकाळी आत्याबाईंनी माझ्या गळ्यात टाक घातला. चांदीचा, रुपयाएवढा, त्यावर ठोकून काढलेली बाई. ती सुला. बिजवराच्या बायकोने मागचीचा टाक गळ्यात घालायचा असतो. मी बी. ए. आहे, मला नको, म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, मंग तिनं बसावं कुठं?

टाक गार लागतो.

८ जुलै

हे बोलताना माझ्या तोंडाकडे पाहत नाहीत. गळ्याकडे पाहतात.

परवा पुरणपोळ्या केल्या. आत्याबाई म्हणाल्या, सुलाची लय मऊ व्हायची. बायडाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, बाई गं, मेलेलीच्या हाताची चव दर वर्षी वाढते, तू त्या शर्यतीत पडू नको.

मी पडले आहे. वंशवृक्षासमोरून जाताना मी फक्त तिची शाई बघते. पेन्सिलीवर कोणाची बाही घासली तरी मी पुसली जाईन.

२२ जुलै

सराफ बाजारात गेले. आपल्याला ओळखत नाही असा सोनार शोधला. टाक दिला आणि सांगितलं, हा चेहरा सपाट करून याच चांदीत दुसरा काढा. कोणाचा, म्हणाला. वेणू, म्हटलं. खुणा विचारल्या. मोठं कपाळ, उजव्या गालावर तीळ. त्याने मान वर करून पाहिलं. बहीण का? मी हो म्हटलं. मग तिथी विचारली. माणसाचा टाक तो गेल्यावरच करतात, तिथीशिवाय सोनार ठोकायला घेत नाही. मला हसू आलं. सुचली ती तिथी तोंडातून गेली : नवमी.

२९ जुलै

टाक आणला. आता यांनी गळ्याकडे पाहिलं तरी मलाच पाहतील. कोणाला फरक कळलेला नाही. घरात आज पहिल्यांदा मी गुणगुणले.

टाक गार लागत नाही. अंगाइतकाच उबदार आहे.

१२ ऑगस्ट

आत्याबाईंनी मला सुला म्हणून हाक मारली. वय झालं आहे त्यांचं. मी ओ दिली, याचं मात्र नवल वाटतं.

पोळ्या मऊ झाल्या. हात आपोआप चालत होते. हे खूप बोलले, त्या मऊ आवाजात. मी जेवले नाही. ते कोणाशी बोलत होते?

१९ ऑगस्ट

गालावर तीळ नाही. साबणाने धुऊन जायला तो काही मळ नव्हता. टाकावर आहे.

बायडाबाईंना विचारलं, माझ्या गालावर तीळ होता ना. म्हणाल्या, तुझ्या नाही गं सुला, त्या दुसरीच्या. बिचारी.

भाद्रपद शुद्ध दशमी

तारीख आठवेना. कॅलेंडरसमोर उभी होते, आकडे नुसते —

नाव शाईत लिहिलेलं आहे. माझं. किती वाट पाहिली होती. जवळ गेले. कै. सौ. वेणू. शेजारी सौ. सुला, पेन्सिलीत नाही, शाईतच. यांना ओढत आणलं. म्हणाले, लिहिताना तूच दौत धरली होतीस की. बोट फिरवलं. शाई जुनी, वाळलेली.

सोनाराकडे गेले. त्याने ओळखलं नाही. म्हणाला, गेलेल्या माणसाचा चेहरा मोडत नसतात, बाई.

वद्य पंचमी

दोरा सोडवला. टाक गळ्यापासून दूर धरला की श्वास टाकाकडेच राहतो — पुन्हा बांधला.

आत्याबाईंच्या पायांना तेल लावत होते. कधी बसले?

वद्य अष्टमी

उद्या अविधवा नवमी. आत्याबाईंनी बायडाबाईंना सवाष्ण म्हणून जेवायला सांगितलं. मी विचारलं, पान कोणाच्या नावानं. म्हणाल्या, अगं, वेणूच्या. दुसरं कोण गेलंय घरात?

मी इथे आहे. मी वेणू. मी बी. ए. — नगरची — वडिलांचं नाव — वडिलांचं

वद्य नवमी

वेणूचं पान वाढलं. बायडाबाई पोटभर जेवली, दिलेली साडी नेसून गेली. हे लय वेळ वंशवृक्षाजवळ उभे होते, तिच्या नावाकडे बघत. मला नाय आवडलं.

तिची वही सापडली. निम्मी कोरी हाय. मला लिहायला नीट येत नाय, पण सवय करते.

टाक गळ्यातच ठेवलाय. तिनं तरी बसावं कुठं. गार हाय. पण पुरण वाटताना चांदीच्या आतून कोणीतरी नखानं —