बेट्टीचे आकडे आणि सोमवारचा निरोप

५ मे १९९४, कासू

वापीहून रजेवर आलो. आई दारातच — "सोमवारी मृणालीला बघाया रोह्याची माणसं येतान. पोरगा धाटावला कंपनीत हाय. तू मोठा भाव, तू हो बोल." बोललो. मृणालीला विचारलंच नाही!

६ मे

पेण स्टँडवर मुलाचे वडील भेटले, गुणाजीकाका. "बहीण मुंबईत काय शिकते?" मी — "कॉम्प्युटर." खोटं! सातवी नापास मी, तिचं गणित काय सांगणार?

मृणाली सुट्टीत घरीच होती, तिलाच विचारलं. हसली.

"बेट्टीचे आकडे, दादा. बेट्टी म्हंजे एक जुना गणिती. समज, एका कामावर तीन मशीनं. प्रत्येकाचा एक नियम — तीन. दोन-दोन नियम एकमेकांना आडवे येतात, ते जुळवायला वरचे तीन. त्या तिघांवर मिळून एक. मूळ काम धरून किती?"

"आठ."

"हा सगळ्यात साधा नमुना. रचना कितीही वेडीवाकडी घे, आठाच्या खाली जात नाय. चार मशीनांपर्यंत प्रत्येक पायरीचा कमीत कमी आकडा लोकांनी सिद्ध केलाय. मी पाचाचं धरलंय."

"आमच्या कंपनीत मशीनं दोन अन् नियम शंभर!"

"चालेल. जास्तीला हरकत नाय रे!"

किती वर्षांनी अशी बोलली.

७ मे

फोनवाली काशीबाई रस्त्यातच ओरडली — "ए वापीवाल्या! तुझ्या भैनीच्या सरांचा फोन व्हता. सोमवारी मोठ्या लोकांपुढं तिनं पाचाचं मांडायचं. नाय आली तं तिची जागा दुसऱ्याला. सांग हां!"

व्हय म्हटलं. सांगितलं नाही. सोमवारीच रोह्याची माणसं. मी शब्द दिलेला.

८ मे

जेवताना विचारते, "गप्प का रे?" म्हटलं, ऊन बाधलं.

आजही नाही सांगितलं.

९ मे

आली माणसं. मृणाली साडीत, मान खाली, पोह्यांच्या बश्या. मुंबईत आत्ता तिचं नाव पुकारत असतील — आणि ती इथे विचारते, "चहात साखर किती?"

गुणाजीकाका खूश. "पोरगी गरीब हाय. पसंत!" आईने मला पेढा भरवला.

१० मे

मृणाली मुंबईला निघाली. एस्टीपर्यंत गेलो. म्हटलं, "शनिवारी तुझ्या सरांचा —"

"ठाऊक हाय. काशीबाईनं त्याच दिवशी सांगितलं. सरांना मीच कळवलं, पाचाच्या सिद्धतेत भोक सापडलंय, वेळ द्या. दिला त्यांनी. तुझ्यामुळं माझं काय अडलं नाय, दादा."

गाडी आली. चढताना म्हणाली, "तू कधी सांगतोस, तेवढं बघाया थांबले व्हते."