दार उघडतं तिथपर्यंत

बाबा, तुमचा तो अंतराळवाला सिनेमा पुन्हा नव्यानं काढलाय. शुक्रवारी वणीतही लागतोय. समीक्षकांना आधीच दाखवला म्हणे, आणि ते कौतुक करून थकत नाहीत. तुमची नात सकाळपासून मोबाइलवर तेच वाचून दाखवतेय. "आई, जुन्याचा शेवट जसाच्या तसा ठेवला म्हन्ते. पाहून थरकाप होते, असं लिवलं हाये. चाल न माह्यासंगं!" मी भाजी निवडता निवडता हो म्हटलं, आणि तेव्हापासून आता नाही कसं म्हणायचं ते शोधतेय.

कारण तो शेवट मी पाहिलेलाच नाही. आपल्या टॉकीजमध्ये तेव्हा कुणीच पाहिला नाही, तुमच्या कृपेनं. टॉकीजमध्ये तुम्ही ऑपरेटर. तीनचा खेळ लांबला की खेड्यांवरच्या लोकांची शेवटची एसटी चुकायची, म्हणून मालक म्हणाले, चार मिनिटं कमी करा. दुसरा कुणी असता तर त्यानं एखादं गाणं उडवलं असतं. मी शाळकरी, तुमचा जेवणाचा डबा घेऊन केबिनमध्ये आलेय. तुम्ही फिल्मची पट्टी उजेडाकडे धरून बघताय, मी हात पुढे करते आणि तुम्ही खेकसता, "लोणच्याचा हात नको लावू तिले!" मग कातरी. वर्षानुवर्षं आकाशात भटकलेला माणूस परत येतो, आपल्या घराचं दार वाजवतो, दार उघडतं, त्याच्या तोंडावर उजेड पडतो. तिथंच तुम्ही कापलंत. पुढं काय होते, मी विचारलं. "घरी आला न तो? मंग झालं. लोकायले बी घरी जाचं हाये." एवढं बोलून तुम्ही भाकरीकडे वळलात. तो तुकडा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलात. प्रिंट परत गेली तेव्हा जोडायला विसरलात, की मुद्दामच ठेवून घेतलात, हे मी कधी विचारलं नाही. पुढे तो सिनेमा टीव्हीवर लागला, तेव्हाही शेवटाला मी उठून चहा ठेवायला गेले.

तुमचे जावई कोळसा खाणीत लागले, जमिनीखाली. त्यांना यायला उशीर झाला की मी दाराकडे बघत तुमचा तो दार उघडण्यापर्यंतचा शेवट मनात लावते. एकदा खाणीत छत कोसळलं, तेव्हा दुपारभर तोच लावत बसले, आणि ते आले, काळेठिक्कर, चहा मागत. वेडेपणा आहे, कळतं मला. आता त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलंय आणि मला फार भीती वाटते, बाबा. त्या दारामागं कुणीच नसलं तर? किंवा आतल्यांनी त्याला ओळखलंच नाही तर? थरकाप होण्यासारखं तुम्ही आमच्यापासून काय लपवलंत?

आज त्यांची शिफ्ट चारला सुटली असणार. आता पाच वाजून गेलेत आणि फोन लागत नाही. हे लिहिता लिहिता मी तुमचा तो बिस्किटाचा डबा काढला. उघडल्याबरोबर जुन्या फिल्मचा शिरक्यासारखा आंबूस वास आला. हा कागद त्यातच ठेवून देणार आहे, दुसरा कुठला पत्ता आहे तुमचा?

एक सांगून टाकते. मी हात साबणानं धुतले, पट्टी खिडकीच्या उजेडाकडे धरली, चांगली पाच मिनिटं धरली. पण चष्मा आधीच काढून ठेवला होता.