पाणी कुठवर आलं होतं

आई,

काल महाडहून सामान आलं. नारळ दोन, साडेतीन रुपयांना एक. हिरवा खण नऊ रुपये. बांगड्या डझनभर, दोन रुपये. हळदकुंकवाच्या पुड्या आठ आण्याच्या. खण नऊ रुपयांना म्हटल्यावर तुम्ही दुकानदाराचा उद्धार केला असतात आणि तरी घेतला असतात. चढल्या नदीची ओटी आता मी भरते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांनी सासूला पत्र लिहायला बसले, कारण काल ग्रामसभा होती आणि तिथे मी तुमच्या नावावर खोटं बोलले.

माझं माहेर पोलादपूरच्या वरचं. तिथे पाणी डोंगरावरून पळून जातं, दारात येऊन थांबत नाही. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात तुम्ही चुलीपुढून उठून "सावित्री चढली गो, ताट घे" म्हणालात, तेव्हा मला काही उमगलं नाही. पुरुष वरच्या खाचरांत लावणीला गेलेले. खालून खाडीची भरती आणि वरून डोंगरांचं पाणी, दोघांची एकाच दुपारी गाठ पडली होती. मी ताटात अर्धी मूठ तांदूळ घेतले. तुम्ही ताटाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "नदी दाराशी आली नि तू चिमटीनं तांदूळ घेतेस? तुझ्या बापाकडे पावण्यांना असंच वाढतात काय गो?" आणि मडक्यात हात घालून ओंजळभर तांदूळ ताटात टाकलेत. मला रडू आलं, आणि रडतानाही ते तांदूळ वाया जाणार हेच डोक्यात. मग आपण दोघी इरली घेऊन देवळापासून नदीपर्यंतची दगडी पाखाडी उतरायला लागलो. नऊ पायऱ्या उतरलो. दहावी पाण्याखाली होती. तुम्ही तिथेच वाकलात, खण-नारळ पाण्याला दिलात आणि म्हणालात, "बाय माझे, आता फीर मागं." ओहोटी लागली तशी ती फिरली. संध्याकाळपर्यंत पावसाने चिखलाची रेघसुद्धा धुऊन नेली. ज्यांनी पाहिलं ते म्हणजे आपण दोघी आणि नदीकाठची बौद्धवाडी.

शाळेच्या जागेची ती पहिली सभा त्यानंतर पाच-सहा वर्षांची. देवळाच्या मंडपात ग्रामसेवक विषय वाचतोय, दिवाबत्ती, विहिरीचा गाळ, घरपट्टीची थकबाकी, आणि थकबाकी म्हटल्याबरोबर निम्मे लोक तंबाखू मळायला बाहेर जातात. शाळेचा विषय निघाला तसे परत आले. दोन खोल्यांची इमारत मंजूर झाली होती. जागा दोनच. एक पाखाडीच्या खालची, पंधराव्या पायरीच्या अंगाची सरकारी पड, फुकट. दुसरी आपला फणसांचा माळ, मामंजींच्या मागे तुमच्या नावावर लागलेला. खाली पाणी येत असेल तर ती जागा बाद, असं ग्रामसेवकाने स्पष्ट सांगितलं. सरपंच म्हणाले, पाणी येत नाही. तेव्हा बायकांच्या बाजूने, खांबाला धरून तुम्ही उभ्या राहिलात.

"दहाव्या पायरीपर्यंत येतं रे. मी वटी भरलीय तिथं. पोरांना बुडवायला शाळा बांधता काय? आमचा माळ घ्या."

"काकी, नदीचं ते देवाला सांगा. इथे जिल्हा परिषदेचं काम चाललंय."

"देवाला सांगून झालं. तो म्हणाला, सरपंचाला सांग."

मंडप हसला. बौद्धवाडीतले एक जण, तेव्हा केस काळे होते त्यांचे, कडेला उभे होते, तेही बोलले. "काकी खरं सांगतायत. त्या साली आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं." त्यांना उत्तर मिळालं, "तुमच्या वाडीचं सोडा, ती नदीतच हाय." त्यावरही हसले, पण ते हसणं वेगळं होतं. मग तुम्ही माझ्याकडे हात केलात. "हिला इचारा. ताट हिच्या हातात होतं. मॅट्रिक हाय, माझ्यासारखी अडाणी नाय."

सरपंच वळले. "बोला वहिनी. कुठवर आलं होतं पाणी?"

सगळा मंडप बघतोय. हे खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढतायत. तुम्ही खांबाला धरून, चेहऱ्यावर जरासुद्धा काळजी नाही, कारण सून खरं बोलणार यात शंका घेण्यासारखं काय आहे? आणि मी म्हटलं, "मला नीट आठवत नाही."

शाळा खाली बांधायची ठरली. घरी येताना तुम्ही एवढंच बोललात, "नाय आठवत तर नाय गो. नवी होतीस, भ्यालेली होतीस." त्या संध्याकाळी भाकऱ्या तुम्ही थापल्यात. मला म्हणालात, तू पोराला घे. तुम्ही मला चार शब्द ऐकवले असतेत तर बरं झालं असतं, असं मला इतक्या वेळा वाटलंय! पुढे पाणी कधी सोळाव्या पायरीशी, कधी सतराव्या, म्हणजे शाळेच्या खालीच थांबायचं. गावात तुम्हाला ओटीवाली म्हातारी म्हणू लागले. पाणवठ्यावर कोणी विचारी, "काय काकी, यंदा शाळा बुडवणार काय?" तुम्ही म्हणायचात, "तुझं तोंड बुडवते, थांब." मी शेजारी कपडे आपटत असे. सोमवार धरले ते त्याच वर्षापासून. कशासाठी ते यांनाही सांगितलं नाही. आणि आजारपणात तुम्ही फडताळातलं ओटीचं ताट काढायला लावून माझ्या मांडीवर ठेवलंत. "आता तू," म्हणालात.

गेल्या श्रावणात पाणी अकराव्या पायरीला लागलं. शाळा भरलेली होती, आपली धाकटी, तुमच्या मागे झालेली, तिसरीच्या वर्गात. गुरुजींनी पोरांना एकमेकांचे हात धरायला लावून पाखाडीने वर आणलं, मागच्या पोरांच्या छातीला पाणी. आणून बसवलं ते आपल्याच माळावर, फणसांखाली. मी घरातला सगळा तांदूळ चुलीवर चढवला आणि पेज केली. पोरं कुडकुडत पीत होती. एकही पोर गेलं नाही ही देवाची कृपा, माझी नव्हे. बौद्धवाडीतले तेच गृहस्थ नातीला शोधत आले. केस आता पांढरे. तिला उचलून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेले.

म्हणून शाळा वर हलवायची कालची सभा. माळ द्यायला हे आपणहून तयार झाले. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, पुराची पातळी कोणाला नक्की माहीत आहे? मी उभी राहिले. कोणत्या साली कितव्या पायरीवर ओटी भरली, सगळं सांगितलं, पहिल्या वर्षीची दहावी पायरीसुद्धा. साहेब लिहून घेत होते. सरपंच म्हणाले, "वहिनींना पायरीन् पायरी पाठ हाय." तेवढ्यात मागून ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणाले, अगदी शांतपणे, "मग वहिनी, तेव्हा आठवत नव्हती ती धावी पायरी आता कशी आठवली?"

लोक हसले. गंमत वाटली त्यांना. माझ्या तोंडून निघून गेलं, "सासूबाईंनी मागाहून सांगितलं." कबूल करणं जमलं असतं, आई. खरं सांगायला इतका चांगला माणूस, इतकी चांगली वेळ समोर उभी होती, आणि मी पुन्हा तुमच्यामागे लपले. ते "बरं" म्हणाले आणि खाली बसले. त्यांना पटलं नाही.

तुमची आठवण तशी रोज येते, भाकरी थापताना, नदीचा आवाज बदलला की. पण काल मंडपात तुम्ही खांबाशी उभ्या असाव्यात असं इतकं वाटलं की मी वळून पाहिलं.

आता लिहूनच टाकते. गावाला वाटतं मी लाजले, तुम्ही म्हणालात भ्याले. यांनीच मला गप्प बसायला सांगितलं असेल असं कोणाला वाटलं असेल, पण यांनी एक शब्द काढला नव्हता. मला दहावी पायरी लख्ख आठवत होती. "आमचा माळ घ्या" असं तुम्ही म्हणालात आणि मी मनात हातची जाणारी फणसाची झाडं मोजायला लागले. सात होती. सातव्या झाडापाशी सरपंचांनी मला विचारलं.

तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं का? भाकऱ्या थापताना, ताट माझ्या मांडीवर ठेवताना, माहीत होतं का? हो की नाही, एवढंच उलट टपाली कळवा. आणि माहीत नसेल, मी खरंच विसरले असं धरूनच तुम्ही गेला असाल, तर हे पत्र मी लिहिलंच नाही असं समजा.