पेतोलाची सोनजाळी

४ मार्च, हालिमून डोंगर
आले एकदाची! संशोधनगृह टुमदार आहे. खिडकीबाहेर धुकं, पुढ्यात वाफाळता भात, सुकी मासळी आणि इथल्या स्वयंपाकीण ओनाह मावशींचा झणझणीत सांबल, म्हणजे मिरचीचा ठेचा. वाढताना म्हणाल्या, "काडी झालीस पोरी, शहरात वारा खाऊन राहत होतीस का?" पोट धरून हसले. डॉ. कार्तांनीही छान स्वागत केलं. नव्या पेतोला ऑर्किडची चित्रं मी काढायची आहेत.
मी इथेच काम करणाऱ्या लिलिसची धाकटी बहीण, हे मात्र सांगितलेलं नाही. गेल्या पावसात हेच रोप काढताना ताई कड्यावरून पडली. सोबत फक्त डॉक्टर होते. खरं काय घडलं ते वदवून घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

७ मार्च
रोप पाहिलं. मखमली, काळपट हिरवं पान आणि त्यावर सोनेरी शिरांची जाळी. फूल नखाएवढं, तपकिरी. बहुतेक ऑर्किडांचं फूल उमलताना देठाला पीळ देतं, मग ओठासारखी पाकळी खाली येते. पेतोलाची वरच राहते, तीही वाकडी. डॉक्टर म्हणाले, प्रजाती तीच, पण ओठ दुभंगलेला आणि पान मागून जांभळं, म्हणून तिच्यातली ही जाती नवी. नाव 'कार्तिआना'. स्वतःचंच नाव देण्याचा रिवाज नाही, पण शोधलंय कुणी, असं म्हणून मिशीतल्या मिशीत हसले.
हातातली पेन्सिल मोडली माझ्या.

११ मार्च
डॉक्टरांच्या बोटांवर सोनेरी जाळी उमटली आहे. घासून घासून कातडी सोलवटली, तरी जात नाही. दाबून सुकवलेली रोपं कागदांमध्ये पुन्हा हिरवी झालीत. मावशींनी बोचकं बांधलं. जाताना म्हणाल्या, "त्या गेलेल्या पोरीची करणी आहे ही. तिचं तिला देऊन टाका म्हणावं त्यांना."
मला भीती नाही वाटली. बरं वाटलं.

१३ मार्च
जाळी डॉक्टरांच्या गळ्यापर्यंत आली. आज सांगून टाकलं, मी कोण ते. रडत कबूल झाले. ताई वेलीला लोंबकळत होती. हे म्हणाले, आधी रोप दे. तिनं दिलं. मग यांनी हात दिलाच नाही.
म्हटलं, नाव बदला. त्यांनी 'लिलिसिआना' लिहिलं. तेवढ्यात कड्याकडून हाक आली, ताईच्या आवाजात. ते उठून चालू लागले. मला अडवता आलं असतं.
दार मीच उघडून धरलं.

१४ मार्च
परत आले नाहीत. माझ्या मनगटावर सोनेरी रेघ — शाई नव्हे ही. हाक थांबलेली नाही. आता माझ्या नावानं.

१५
कड्याशी बसले आहे. खाली नुसती सोनेरी पानं — मधोमध डॉक्टरांचा सदरा. ताई म्हणते, हात दे. डावा दिला — सोडत नाही — ताई, डॉक्टर दिले ना तुला, मग आता मला का —
ताई बोलताना अडखळायची. शब्दाशब्दाला. हा आवाज एकदाही अडखळला ना—